दोन्ही ऑक्साइडं इन्सुलेटर, दोन्ही बिनचुंबकी, मग त्यांच्या सीमेवर करंट आणि मॅग्नेटिझम येतं कुठून?

प्रश्न असा आहे की लॅन्थनम अॅल्युमिनेट (पुढे एलएओ म्हणतो) आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट (एसटीओ) ही दोन्ही ऑक्साइडं करंट नेत नाहीत, चुंबकाला ओढली जात नाहीत, मग एकाची पातळ फिल्म दुसऱ्यावर चढवली की मधल्या इंटरफेसवर (दोघांच्या सीमेवर) करंट कसा वाहतो, मॅग्नेटिझम कसं दिसतं, आणि दोन लॅबचे रिझल्ट एकमेकांशी जुळत का नाहीत. शिवाय एमएस्सीच्या प्रोजेक्टला यातलं काय झेपेल हेही विचारलंय. मी बरीच वर्षं लेझरने ऑक्साइडच्या फिल्म बनवतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण ती न कळल्यामुळे माणसं वर्षानुवर्षं गोंधळात राहतात. "हा इंटरफेस काय करतो" हा प्रश्न अर्धाच आहे. "किती ऑक्सिजनमध्ये, कुठल्या पृष्ठभागावर, किती जाडीची फिल्म चढवून बनवलेला इंटरफेस काय करतो" असं विचारलं की मग उत्तर मिळतं. नाव तेच, दोन्ही क्रिस्टल तेच, आणि तरी आतून तीन वेगळी मटेरियल्स असू शकतात.

गोष्ट सुरू झाली २००४ च्या जानेवारीत. अकिरा ओहतोमो आणि हॅरोल्ड ह्वांग यांनी नेचरमध्ये दाखवलं की एसटीओवर एलएओ चढवलं तर सीमेवर इलेक्ट्रॉनचा थर तयार होतो आणि कमी तापमानाला त्याची मोबिलिटी, म्हणजे इलेक्ट्रॉन किती सहज धावतात याचं माप, १०,००० च्या पुढे जाते (युनिट नेहमीचंच, चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट सेकंद). एसटीओची बँड गॅप (अडकलेला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, एलएओची साधारण ५.६, म्हणजे दोन्ही चांगले भक्कम इन्सुलेटर, तरी मध्ये धातूसारखं वागणं. त्याच पेपरमध्ये आणखी एक गोष्ट होती आणि मला ती जास्त भारी वाटते. एसटीओचा सगळ्यात वरचा थर टायटॅनियम ऑक्साइडचा असेल तर सीमा करंट नेते, तोच थर स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा असेल तर नेत नाही. एका अणुथराने सगळा खेळ बदलतो.

याचं पहिलं स्पष्टीकरण असं दिलं गेलं. एसटीओ हे स्ट्रॉन्शियम ऑक्साइड, टायटॅनियम ऑक्साइड, परत स्ट्रॉन्शियम ऑक्साइड असं थरावर थर रचलेलं असतं, आणि आयनांचे चार्ज मोजले तर प्रत्येक थर न्यूट्रल निघतो. एलएओमध्ये तसं नाही, लॅन्थनम ऑक्साइडचा थर अधिक एक आणि अॅल्युमिनियम ऑक्साइडचा उणे एक. आता न्यूट्रल थरांवर हे अधिक-उणे-अधिक-उणे रचत गेलात की फिल्मच्या आत इलेक्ट्रिक फील्ड तयार होतं आणि पोटेन्शियल जिन्याच्या पायऱ्यांसारखं चढत जातं, एका युनिट सेलला (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात छोट्या विटेला) साधारण ०.९ व्होल्ट. तीन युनिट सेलपर्यंत ते कसंबसं चालतं, चौथ्याला बेरीज एसटीओच्या ३.२ व्होल्टच्या गॅपच्या पुढे जाते, आणि मग वरच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन निघून खाली टायटॅनियमवर येऊन बसणं हेच स्वस्त पडतं. याला पोलर कॅटॅस्ट्रॉफी म्हणतात. नाकागावा, ह्वांग आणि मुलर यांनी २००६ मध्ये हे नीट मांडलं, आणि त्याच वर्षी ऑग्सबुर्गच्या मानहार्ट ग्रुपने सायन्समध्ये दाखवलं की तीन युनिट सेलची फिल्म इन्सुलेटर असते आणि चार युनिट सेलची कंडक्टर. चार युनिट सेल म्हणजे जेमतेम दीड नॅनोमीटर. तीन सेलवाल्या सँपलला गेट व्होल्टेज (इलेक्ट्रॉन सीमेवर ओढून आणणारं बाहेरचं व्होल्टेज) दिलं की तेसुद्धा चालू होतं. हे वाचल्यावर सगळ्यांना वाटलं, झालं, विषय संपला.

पण हिशोब पूर्ण लागत नाही. या मॉडेलप्रमाणे दर युनिट सेलला अर्धा इलेक्ट्रॉन यायला हवा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३.३ गुणिले १० चा १४ वा घात. चांगल्या सँपलमध्ये हॉल मेजरमेंट (चुंबकीय क्षेत्रात आडवं व्होल्टेज मोजून वाहत्या इलेक्ट्रॉनची संख्या काढणं) केलं की १० च्या १३ व्या घाताच्या आसपासच मिळतात, बाकीचे कुठे गेले? आणि एलएओच्या आत जे एवढं मोठं फील्ड असायला हवं ते एक्स-रे फोटोएमिशनमध्ये (एक्स-रे मारून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजतात त्यात) अपेक्षेइतकं दिसलंच नाही. बाकीचे इलेक्ट्रॉन आहेत पण एका जागी अडकलेत, असं एक उत्तर आहे आणि ते लक्षात ठेवा, मॅग्नेटिझमसाठी लागणार आहे.

आता ऑक्सिजनवर येतो, कारण माझ्या मते सगळं खरं इथेच आहे.

पल्स्ड लेझर डिपॉझिशनमध्ये आपण काय करतो, तर व्हॅक्यूम चेंबरमध्ये टार्गेट ठेवतो, २४८ नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर त्यावर मारतो, प्लूम (तापलेल्या वाफेचा झोत) उठतो आणि समोर ७५०-८०० डिग्रीला तापवलेल्या सबस्ट्रेटवर (खालच्या क्रिस्टलवर, इथे एसटीओवर) थर बसत जातो, आरएचईईडीच्या (पृष्ठभागावर आपटून परतणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या) सिग्नलमध्ये एकेक ऑसिलेशन मोजत एकेक युनिट सेल मोजता येतो. यात चेंबरमध्ये ऑक्सिजन किती ठेवायचा हे आपल्या हातात असतं. तो मिलिबारच्या दहा लाखाव्या भागाइतका ठेवला तर एसटीओ तापलेलं असतानाच त्यातून ऑक्सिजन निघून जातो, मागे रिकाम्या जागा राहतात, आणि प्रत्येक रिकामी जागा दोन इलेक्ट्रॉनपर्यंत देऊ शकते. एसटीओ याबाबतीत फार हळवं मटेरियल आहे, जरा ऑक्सिजन गेला की ते कंडक्टर होतं, इतकंच काय अगदी कमी तापमानाला सुपरकंडक्टरही (शून्य रेझिस्टन्सचं) होतं, आणि हे १९६४ पासून माहिती आहे. मग अशा सँपलमध्ये कॅरिअर डेन्सिटी (चौरस सेंटिमीटरला करंट नेणारे इलेक्ट्रॉन) १० च्या १६ व्या, १७ व्या घातापर्यंत जाते आणि करंट सीमेवरून न वाहता सबस्ट्रेटच्या पोटातून वाहतो. मोबिलिटी मस्त मिळते, आलेख देखणे येतात, पण त्याला इंटरफेसचा परिणाम म्हणता येत नाही. २००७ मध्ये दोन-तीन ग्रुप्सनी हे वेगवेगळं दाखवलं, नंतर सँपल आडवं कापून कंडक्टिंग टिपच्या एएफएमने (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या मायक्रोस्कोपने) पाहिलं तेव्हा तर डोळ्यांनी दिसलं की कुठल्या सँपलमध्ये करंट काही नॅनोमीटरच्या पट्ट्यात आहे आणि कुठल्या सँपलमध्ये मायक्रॉनच्या मायक्रॉन खोल पसरलाय.

ऑक्सिजन थोडा वाढवला आणि फिल्म झाल्यावर भरपूर ऑक्सिजनमध्ये अॅनील करत (तापवून ठेवत) थंड केली की खरा दोन मितींचा इलेक्ट्रॉन थर मिळतो. २००७ मध्ये जिनिव्हा आणि ऑग्सबुर्गच्या लोकांनी त्यात २०० मिलिकेल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी दाखवली, आणि पुढच्याच वर्षी गेट व्होल्टेजने ती चालू-बंद करून दाखवली. व्होल्टेजने सुपरकंडक्टर चालू-बंद होणं ही केवढी मोठी गोष्ट आहे याचा जरा विचार करा. ते शक्य होतं कारण एसटीओचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (इलेक्ट्रिक फील्डला मटेरियल किती प्रतिसाद देतं याचं माप) खोलीच्या तापमानाला ३०० आणि थंड केल्यावर २०,००० च्याही पुढे जातो, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटर जाड सबस्ट्रेटच्या मागून दिलेलं व्होल्टेजही इलेक्ट्रॉनपर्यंत जोरात पोचतं.

आणि ऑक्सिजन अजून वाढवला, मिलिबारच्या हजाराव्या भागाच्या आसपास नेला, तर मग तुम्ही विचारलेला मॅग्नेटिक भाग येतो. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या ब्रिंकमन, हाउबेन, हिल्गेनकाम्प वगैरे मंडळींनी २००७ मध्ये नेचर मटेरियल्समध्ये हे छापलं. थंड करत गेलं की रेझिस्टन्स आधी कमी होतो आणि मग ठरावीक तापमानाखाली परत वाढायला लागतो, तोही तापमानाच्या लॉगरिदमप्रमाणे. चुंबकीय क्षेत्र लावलं की रेझिस्टन्स बराच पडतो, आणि ०.३ केल्विनला क्षेत्र वर-खाली फिरवलं तर हिस्टेरिसिस (जातानाचा आणि येतानाचा आलेख वेगळा) दिसतो. लॉगरिदमिक वाढ ही कोंडो परिणामाची खूण मानतात, म्हणजे वाहते इलेक्ट्रॉन कुठल्यातरी अडकलेल्या चुंबकीय मोमेंटवर (अणूएवढ्या छोट्या चुंबकावर) आपटून विखुरतात. मोमेंट कुठून आले? तर टायटॅनियमवर जाऊन अडकलेला एक इलेक्ट्रॉन, म्हणजे चार अधिकचं टायटॅनियम तीन अधिकचं झालेलं. एसटीओमध्ये टायटॅनियमच्या डी ऑर्बिटलमध्ये एकही इलेक्ट्रॉन नसतो म्हणून ते बिनचुंबकी असतं, एक इलेक्ट्रॉन आला आणि जागेवर बसला की तो छोटा चुंबक झाला. वरच्या हिशोबातले हरवलेले इलेक्ट्रॉन ते हेच असावेत असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटतं, पण सगळेच्या सगळे हेच असं मी म्हणणार नाही.

२०११ मध्ये तर कहर झाला. एकाच वर्षी दोन ग्रुप्सनी नेचर फिजिक्समध्ये दाखवलं की एकाच सँपलमध्ये सुपरकंडक्टिव्हिटी आणि मॅग्नेटिझम दोन्ही आहेत. एकाने टॉर्क मॅग्नेटोमेट्री (क्षेत्रात सँपल किती पिळलं जातं ते मोजणं) वापरली, दुसऱ्याने, म्हणजे स्टॅनफर्डच्या कॅथरिन मोलर यांच्या ग्रुपने, स्क्विडचा (अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या सुपरकंडक्टिंग उपकरणाचा) बारीक सेन्सर पृष्ठभागावरून फिरवून नकाशाच काढला. नकाशात मॅग्नेटिझम सगळीकडे सारखं पसरलेलं नव्हतं, इकडेतिकडे ठिपके होते, आणि त्यांच्या आसपास सुपरकंडक्टिंग भाग. सुपरकंडक्टिव्हिटी आणि फेरोमॅग्नेटिझम (लोखंडासारखं मॅग्नेटिझम) यांचं सहसा पटत नाही, त्यामुळे खळबळ उडाली. पण त्याच वर्षी पोलराइज्ड न्यूट्रॉन रिफ्लेक्टोमेट्री (न्यूट्रॉन पृष्ठभागावरून परतवून मॅग्नेटिझम मोजणं) करणाऱ्यांना जवळपास काहीच मॅग्नेटिझम सापडलं नाही, त्यांनी फक्त वरची मर्यादा दिली, आणि ती टॉर्कवाल्या आकड्यांपेक्षा खूप खाली होती. मग खरं कोण? माझं मत असं की दोघंही आपापल्या सँपलबद्दल खरं बोलत होते. सँपल वेगळी, ऑक्सिजनचा इतिहास वेगळा, आणि ठिपक्याठिपक्यांनी असलेली गोष्ट सरासरी घेणाऱ्या पद्धतीत विरून जाते.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. मॅग्नेटिक सिग्नल मोजताना किती बारीक गोष्ट मोजतोय याचा अंदाज कागदावर काढा. ५ बाय ५ मिलिमीटरचा तुकडा घेतला, त्याच्या सीमेवर एकेक युनिट सेल ०.३९ नॅनोमीटरचा, म्हणजे साधारण १.६ गुणिले १० चा १४ वा घात इतके सेल. प्रत्येकावर एक अख्खा बोर मॅग्नेटॉन (साधारण एका इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा मोमेंट) आहे असं मानलं, जे फारच उदार गृहीतक आहे, तरी एकूण मोमेंट येतो दीड मायक्रो-इमू (इमू हे मोमेंटचं युनिट). तेवढाच मोमेंट द्यायला लोखंड किती लागतं? सात नॅनोग्रॅम! डोळ्यांना दिसणारही नाही इतकं. स्टीलच्या चिमट्याने सबस्ट्रेटची कड पकडली तरी एवढं लोखंड लागू शकतं. ही नुसती भीती नाही. २००४ मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या फिल्म मॅग्नेटिक आहेत अशी मोठी बातमी झाली होती, आणि २००५ मध्ये आयबीएमच्या लोकांनी दाखवलं की स्वच्छ बनवलेल्या फिल्ममध्ये काही नाही, पण स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने हाताळलं की अगदी तसाच सिग्नल येतो. म्हणून चिमटा टायटॅनियमचा, सिरॅमिकचा नाहीतर प्लास्टिकचाच हवा, सबस्ट्रेट हीटरला चिकटवायला वापरलेली सिल्व्हर पेस्ट मागून पूर्ण काढायला हवी, आणि मेजरमेंटच्या चेंबरमध्ये हवा शिरलेली नसावी, कारण गोठलेला ऑक्सिजन ५० केल्विनच्या जरा खाली स्वतःचाच मॅग्नेटिक उंचवटा दाखवतो आणि लोक त्याला ट्रान्झिशन समजून बसतात. शिवाय सबस्ट्रेटचा डायमॅग्नेटिक (लावलेल्या क्षेत्राच्या उलट दिशेचा) सिग्नल तुमच्या सीमेच्या सिग्नलच्या कित्येक पट असतो, तो वजा करताना उतार जरा चुकला तरी खोटा एस आकाराचा लूप तयार होतो.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे एक कोरा एसटीओ तुकडा घ्या, त्याच बॅचचा, त्याला फिल्मआधीच्या सफाईचं तेच अॅसिड, तेच तापमान, तोच ऑक्सिजन, तेवढाच वेळ, फक्त लेझर मारू नका. मग तोही मोजा. हा आलेख नसलेला मॅग्नेटिझमचा पेपर मी बाजूला ठेवतो.

इलेक्ट्रिकल बाजूलाही असेच चकवे आहेत. हॉल व्होल्टेज सरळ रेषेत गेलं नाही की लगेच अॅनॉमलस हॉल (मटेरियलच्या स्वतःच्या मॅग्नेटिझममुळे येणारं जादा हॉल व्होल्टेज), म्हणजे फेरोमॅग्नेट, असं म्हणायचा मोह होतो. पण चौरस सेंटिमीटरला १.७ गुणिले १० चा १३ वा घात या डेन्सिटीच्या वर गेलं की इलेक्ट्रॉन टायटॅनियमच्या दुसऱ्या डी ऑर्बिटलच्या बँडमध्येही भरायला लागतात, आणि दोन प्रकारचे कॅरिअर असले की हॉलची रेषा आपोआप वाकते, मॅग्नेटिझम असो वा नसो. निगेटिव्ह मॅग्नेटोरेझिस्टन्सचं पण तसंच, सीमेला समांतर क्षेत्र लावल्यावर रेझिस्टन्स प्रचंड पडतो हे स्पिन-ऑर्बिट कपलिंग (इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची हालचाल यांची सांगड) आणि बँडच्या रचनेतूनसुद्धा समजावता येतं असं २०१५ मध्ये दाखवलं गेलं. कोंडोसारखी वाढ तर एलएओ मुळीच नसताना, नुसत्या एसटीओवर इलेक्ट्रोलाइटने इलेक्ट्रॉन ओढून आणले तरी मिळते. म्हणजे मोमेंट असतील, पण ते दोन ऑक्साइडांच्या जुळणीतूनच आले हे सिद्ध होत नाही. आणि अॅनॉमलस हॉल खराच असला तरी तेवढ्याने एकसंध फेरोमॅग्नेट सिद्ध होत नाही. कोबाल्ट मिसळलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये कोबाल्टच्या बारीक गुठळ्या असतानाही अॅनॉमलस हॉल दिसतो हे २००४ मध्ये मेरिलँडच्या ग्रुपने दाखवलं. त्या कामात आपले सतीशचंद्र ओगले होते, ज्यांनी त्याआधी पुणे विद्यापीठात लेझरने मटेरियल्सवर काम केलं आणि नंतर पुण्यातल्याच एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर या संस्थांमध्ये. हा पेपर जरूर वाचा, शंका कशी घ्यायची आणि ती शेवटपर्यंत कशी न्यायची हे त्यातून कळतं.

हिस्टेरिसिसबद्दल एकच सांगतो, स्वीपचा वेग अर्धा करून बघा. एक केल्विनच्या खाली क्षेत्र फिरवतानाच सँपल किंचित गरम होतं आणि तेवढ्यानेही लूप उघडतो. वेग कमी केल्यावर लूप मिटत आला तर तो बहुतेक तापमानाचा आहे.

मग पोलर कॅटॅस्ट्रॉफी खरी की ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा? २०१३ मध्ये सिंगापूरच्या ग्रुपने, व्यंकटेशन आणि आरियांडो यांच्या, फार सुंदर प्रयोग केला. अमॉर्फस एलएओ, ज्यात अधिक-उणे थरांची रचनाच नसते, तेही एसटीओवर टाकलं तर सीमा कंडक्टिंग होते. पण दोन्ही प्रकारची सँपल ऑक्सिजनमध्ये अॅनील केली की अमॉर्फसवाली पूर्ण इन्सुलेटर होते, क्रिस्टलवालीचे कॅरिअर कमी होतात पण ती कंडक्टिंगच राहते. म्हणजे दोन्ही कारणं खरी आहेत, फक्त एक ऑक्सिजनने पुसता येतं आणि दुसरं येत नाही. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग क्वचित बघायला मिळतो. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आली, फिल्ममध्ये लॅन्थनमचं अॅल्युमिनियमशी प्रमाण ०.९७ च्या खाली असेल तरच सीमा कंडक्टिंग होते, म्हणजे लेझरची एनर्जी आणि स्पॉट जरा बदलला तरी रिझल्ट पालटू शकतो. लॅबांचे आकडे जुळत नाहीत यामागचं हे दुसरं मोठं कारण.

मॅग्नेटिझमच बघायचं असेल आणि नंतर त्याच्या अस्तित्वावर वाद घालायचा नसेल तर वेगळ्या जोड्या आहेत. कॅल्शियम मँगनेट हे अँटीफेरोमॅग्नेट (शेजारचे स्पिन उलटसुलट, बेरीज शून्य), कॅल्शियम रुथेनेट पॅरामॅग्नेटिक (स्वतःहून चुंबक न होणारा) धातू, दोन्ही फेरोमॅग्नेट नाहीत, पण त्यांच्या सुपरलॅटिसमध्ये (आलटून पालटून रचलेल्या पातळ थरांत) सीमेवर फेरोमॅग्नेटिझम येतं, कारण रुथेनेटमधले इलेक्ट्रॉन थोडे मँगनेटमध्ये उतरतात आणि मँगनीजचे स्पिन एका दिशेला वळवतात. लॅन्थनम मँगनेट एसटीओवर चढवलं तर पाच युनिट सेलपर्यंत काही नाही, सहाव्यापासून फेरोमॅग्नेट, हेही स्क्विडच्या नकाशात स्पष्ट दिसलंय. यात मँगनीज आहे, त्याचे मोमेंट मोठे आहेत, सिग्नल लपत नाही.

प्रोजेक्टचं म्हणाल तर एका सेमिस्टरमध्ये एलएओ-एसटीओचं मॅग्नेटिझम हातात घेऊ नका, त्याला वेळ पुरणार नाही. त्याऐवजी एकच जाडी, समजा दहा युनिट सेल, ठेवून ऑक्सिजनची तीन-चार प्रेशर घ्या आणि शीट रेझिस्टन्स तापमानाबरोबर कसा बदलतो ते मोजा. सबस्ट्रेटला आधी पाण्यात अल्ट्रासॉनिक, मग बफर्ड एचएफ (सौम्य केलेलं हायड्रोफ्लोरिक अॅसिड), मग ९५० डिग्रीच्या आसपास ऑक्सिजनमध्ये अॅनील, आणि एएफएममध्ये स्वच्छ पायऱ्या दिसल्याशिवाय फिल्म टाकू नका (बफर्ड एचएफ एकट्याने हाताळू नका, गाइड किंवा ट्रेनिंग झालेली व्यक्ती शेजारी हवी, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल टेबलावर हवं). काँटॅक्टला अॅल्युमिनियमच्या तारेचं अल्ट्रासॉनिक बाँडिंग करा, ती तार पातळ एलएओ भेदून थेट सीमेपर्यंत जाते, वरून सिल्व्हर पेस्टचा ठिपका लावून भागत नाही. आणि सँपल मोजण्याआधी एक रात्र अंधारात ठेवा. खोलीतल्या ट्यूबलाइटमध्येही एसटीओची गॅप ओलांडणारे थोडे फोटॉन असतात, त्यांनी तयार झालेले कॅरिअर तासन्‌तास टिकतात आणि पहिल्या दिवशीचा रेझिस्टन्स दुसऱ्या दिवशी जुळत नाही.

एवढं झालं, हात बसला, आणि पुढे पीएचडीला यातच राहायचं ठरलं तर पोटॅशियम टँटलेटकडे बघा. २०२१ मध्ये त्याच्या १११ पृष्ठभागावर (आकडे क्रिस्टल कुठल्या दिशेने कापलाय ते सांगतात) युरोपियम ऑक्साइड चढवून २ केल्विनच्या वर सुपरकंडक्टिव्हिटी मिळाली, एसटीओवाल्या सीमेच्या जवळपास दहा पट, आणि तेच इंटरफेस १०० पृष्ठभागावर बनवलं तर त्या तापमानाला ती दिसत नाही. टँटलम जड असल्याने स्पिन-ऑर्बिटही जास्त आहे. पण तिथेही आधी विचारा की सबस्ट्रेट तापवताना पोटॅशियम किती उडून गेलं, आणि कोरा तुकडा त्याच चक्रातून फिरवून मोजलाय का.